रॅम्पवरचा फोटो घेऊन शिंप्याकडे निघालात? आधी या चुका टाळा

तुळशीचं लग्न लागलं की इथे कोल्हापुरात माझ्या फोनवर रॅम्पवरचे फोटो यायला लागतात. "ताई, अगदी अस्साच शिवून मिळेल ना राजारामपुरीत?" कपड्यांवर माझा जीव आहे. फॅशन शो मी आधी मासिकांतून बघायचे, आता मोबाइलवर बघते, आणि एकेका शिवणीशी थांबून बघते. म्हणूनच त्याच त्याच चुकांनी चांगलं कापड वाया गेलेलं मला बघवत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे फोटो आधी ठरवायचा आणि कापड नंतर शोधायचं.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मावसबहिणीच्या मुलीचं रिसेप्शन होतं. तिने एका परदेशी शोमधला गाऊन निवडला. गळ्याशी सैल ओघळणारी काउल, कमरेखाली अंगाबरोबर उतरत जाणारा घेर. हा उरेब कट आहे हे फोटो बघताच कळत होतं. कापड सरळ धाग्यावर न बेतता ४५ अंशांत तिरकं बेतलं की त्याला ताण येतो, ते अंगाला धरतं आणि सुटतंही. पॅरिसच्या मादलेन व्हिओने यांनी १९२० आणि ३०च्या दशकांत याच कटावर नाव कमावलं. याला कापड जास्त लागतं आणि ते मऊ, खाली ओढ घेणारं लागतं. क्रेप चालतो, चांगलं सिल्क सॅटिन चालतं.

मुलीने महाद्वार रोडवरून कडक टाफेटा आणला, कारण रंग फोटोशी तंतोतंत जुळत होता. पन्हा ४४ इंच, कापड साडेचार मीटर. मास्तर म्हणाले, "होतंय की, काय नाही त्यात!" आणि कापड पुरवायला त्यांनी ते सरळ बेतलं. मधल्या ट्रायलला त्यांनी दोनदा बोलावलं होतं. ही गेली नाही, पार्लरच्या वेळा सांभाळत बसली.

पाच दिवस उरले असताना गाऊन हातात आला. काउल पुठ्ठ्यासारखी उभी. पोटावर आडव्या सुरकुत्या. सैल करावा तर आत अर्ध्या बोटाचीही माया, म्हणजे शिवणीतलं जादा कापड, सोडलेली नव्हती. पोर माझ्या स्वयंपाकघरात बसून रडली. आम्ही काउल उसवून साधा, आडवा 'बोट नेक' गळा केला, उरलेल्या तुकड्यांतून बगलेखाली कळ्या, म्हणजे जोडतुकडे, घातल्या. समारंभ निभावला. पण अल्बममधल्या प्रत्येक फोटोत ती दंड अंगाशी घट्ट धरून उभी आहे, आणि ते बघताना मला अजून वाईट वाटतं.

तेव्हापासून माझा हट्ट मांजरपाटाचा, म्हणजे साध्या, स्वस्त सुती कापडाचा. भारी कापडाला कात्री लावण्याआधी मांजरपाटात एक कच्चा नमुना शिवून घ्यायचा. शिलाई थोडी वाढते, मास्तर कुरकुरतात, तरी घ्यायचाच. तो अंगात घालून बसायचं, वाकायचं, जेवणाच्या ताटावर हात पुढे करून बघायचं. मगच खरं कापड कापायचं. बाजूच्या शिवणीत दीड इंच माया मी कापण्याआधीच कबूल करून घेते. उरेब असेल तर खालची पट्टी दुमडण्याआधी कपडा एक रात्र टांगून ठेवायला सांगते, कारण तिरकं कापड स्वतःच्या वजनाने उतरतं आणि आज सरळ दिसणारा घेर उद्या वरखाली होतो. "पण ताई, लग्न पंधरा दिवसांवर आलंय," असं कुणी म्हणालं तर माझं उत्तर एकच: मग असला गाऊन काढू नका. पंधरा दिवसांत सुरेख अनारकली होतो, तो शिवा.

आणि कापड दुकानात टेबलावर पसरलेलं बघून घेऊ नका. त्याचं एक टोक धरून मीटरभर खाली सोडा. ते कसं पडतं तेच तुमच्या अंगावर दिसणार आहे. रंग बघायला पायरीवर, उजेडात या. कॉटन असेल तर शिवायच्या आधी पाण्यातून काढा.

'डिझायनर साडी' या शब्दाला भुलू नका. टिकल्या आणि खडे चिकटवले की साडी डिझायनर होत नाही. डिझाइन कुणाचं आहे, हे विचारा. राहुल मिश्रा २०२० च्या जानेवारीत पॅरिसच्या ओत कुत्यूर वीकमध्ये, म्हणजे मापाबरहुकूम हाताने घडवलेल्या भारी कपड्यांच्या शोमध्ये पोचले, तिथे आपलं काम मांडणारे ते पहिले भारतीय डिझायनर. त्यांच्या कपड्यावरची पानं-फुलं कारागिरांनी हाताने भरलेली असतात. त्याच नक्षीची मशीनवरची 'फर्स्ट कॉपी' लांबून बरी दिसते, पण उलटी करून बघा, दोऱ्यांचं जाळं टोचतं. त्याच पैशात हातमागाची एक साधी इरकल घ्या. मी तरी तेच करते.

दुसरी चूक मला जास्त लागते, कारण ती आपल्याच गावात होते.

२०२५ च्या जूनमध्ये मिलानला प्राडा या इटालियन ब्रँडच्या पुरुषांच्या शोमध्ये मॉडेलच्या पायांत हुबेहूब कोल्हापुरी दिसली. नाव मात्र 'लेदर सँडल' एवढंच. ओरड झाल्यावर ही प्रेरणा भारतातल्या हस्तकलेची आहे, हे कंपनीने मान्य केलं. त्या दिवसांत मलाही मनापासून राग आला होता. पण त्यानंतर काय झालं? जोशात कोल्हापुरी घ्यायला निघालेल्या कितीतरी मुली रेक्झिनचा, डिंकाने चिकटवलेला जोड घेऊन आल्या. तोही इथे, शिवाजी चौकापासून हाकेच्या अंतरावर!

कोल्हापुरीला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावता येईल असा दर्जा, मिळाला, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. खरी चप्पल ओळखायला तळाची कड बघा. चामड्याचे थर चामड्याच्याच वादीने शिवलेले दिसतात, खिळा नसतो. झाडपाल्यावर कमावलेल्या चामड्याचा वास येतो, रंग सगळीकडे एकसारखा नसतो. घासाघीस करून निम्म्या किमतीत मागितली की दुकानदार निम्म्या कामाचाच जोड काढतो, त्यात त्याला दोष देण्यात अर्थ नाही. मी संध्याकाळी जाते, दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतात तेव्हा, आणि किंचित घट्ट जोड घेते, कारण चामडं सैलावतं. चावते म्हणून पहिल्याच दिवशी टाकून देऊ नका. पट्ट्याला आणि अंगठ्याला रात्री तेलाचा हात फिरवा, आठवडाभर घरातच तासभर घाला. जून ते सप्टेंबर ती बाहेर काढायचीच नाही. आपल्या पावसात तळ भिजला की थर सुटायला लागतात.

बाकी थोडक्यात. बायकांच्या कपड्यांचे स्प्रिंग-समरचे शो सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होतात आणि ते कपडे पुढच्या उन्हाळ्यासाठी असतात, तेव्हा शो बघून लगेच दुकानात धावू नका. सेलमध्ये एक साइझ लहान घेऊन 'बारीक झाल्यावर घालीन' म्हणू नका. जरीची साडी प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, मलमलच्या कापडात गुंडाळा आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदला. आणि ट्रायलला जाताना त्या दिवशी घालणार असाल तीच चप्पल आणि तीच आतली वस्त्रं बरोबर न्या. घेराची लांबी नाहीतर दोन बोटं चुकतेच.