सामुदायिक सेवेची शिक्षा आणि यजमान संस्था : या चुका टाळा

भारतीय न्याय संहिता, म्हणजे गुन्हे आणि त्यांच्या शिक्षा सांगणारा कायदा, 1 जुलै 2024 रोजी लागू झाली आणि तिच्या कलम 4 मध्ये शिक्षेच्या प्रकारांत सामुदायिक सेवेची भर पडली. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची पहिलीच चोरी, तीही वस्तू किंवा तिची किंमत परत केल्यावर, सार्वजनिक ठिकाणी नशेत घातलेला धिंगाणा, बदनामी, अशा मोजक्याच गुन्ह्यांसाठी ही शिक्षा आहे. फौजदारी खटल्यांची कार्यपद्धती सांगणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 23 मध्ये तिचा अर्थ थोडक्यात दिला आहे : न्यायालयाने शिक्षा म्हणून सांगितलेले, समाजाच्या हिताचे, विनामोबदला काम. तास किती, देखरेख कोणाची, हजेरी कशी ठेवायची, यांतले काहीही या दोन्ही संहितांत सांगितलेले नाही. त्यामुळे सगळा भार आदेशाच्या कागदावर आणि सेवा जिथे करायची त्या यजमान संस्थेच्या नोंदवहीवर येतो, आणि वाचनालये, वृद्धाश्रम, गोशाळा चालवणारी आपली मंडळी नेमक्या याच दोन गोष्टींकडे सर्वांत कमी लक्ष देतात.

पहिली चूक म्हणजे आदेश न वाचणे. समोर आलेली व्यक्ती दोषी ठरलेली आहे की तिला जामिनाची अट म्हणून सेवा करायची आहे, हे कागद वाचल्याशिवाय कळत नाही. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मद्यपान करून मोटार चालवल्याचा आरोप असलेल्या एका तरुणाला जामीन देताना, शनिवार-रविवारी वरळी नाक्याच्या सिग्नलवर जनजागृतीचा फलक घेऊन उभे राहण्याची अट घातली होती. तो जामीन होता, शिक्षा नव्हे. अशा माणसाचा उल्लेख संस्थेच्या कागदोपत्री ‘शिक्षा झालेला’ असा करणे सरळसरळ खोटे ठरते. आदेशाची प्रमाणित प्रत हाती येईपर्यंत मी कोणाच्याही हातात झाडू देत नाही. वकिलांच्या फोनवर किंवा मोबाइलवरच्या धूसर फोटोवर तर मुळीच नाही.

दुसरी चूक हजेरीची, आणि तिच्याविषयी मला सविस्तर लिहायचे आहे, कारण ती टाळणे सर्वांत सोपे असूनही सर्वाधिक तीच दिसते. तालुक्याच्या गावातील एका सार्वजनिक वाचनालयात एक बांधकाम मजूर किरकोळ चोरीच्या शिक्षेपोटी रोज सकाळी दोन तास येत असे. त्याने जुनी मासिके लावली, माळ्यावरची धूळ काढली, फाटक्या पुस्तकांना कव्हरे घातली. काम चोख होते. चिटणीस मात्र उत्साही आणि घाईचे. ‘रोज कशाला सह्या, शेवटी एकदम भरू’ असे म्हणून त्यांनी मुदत संपल्यावर एका बैठकीत, एकाच पेनाने, सगळे रकाने भरले आणि त्या भरात वाचनालयाच्या साप्ताहिक सुटीच्या वारीही त्याची हजेरी लावली. न्यायालयात तारखा पडताळल्या गेल्या तेव्हा एका खोट्या नोंदीमुळे बाकीच्या सगळ्या खऱ्या नोंदीही संशयास्पद ठरल्या. चिटणिसांना मूळ नोंदवही घेऊन हजर राहावे लागले, हे योग्यच झाले. पण त्या मजुराची रोजंदारी तारखांपायी बुडाली आणि केलेले काम पुन्हा सिद्ध करण्याची वेळ त्याच्यावर आली. न्याय संहितेचे कलम 234 खोट्या प्रमाणपत्रासंबंधी आहे, एवढे जरी चिटणिसांना ठाऊक असते तरी त्यांचा हात थांबला असता.

माझी पद्धत जुनाट आहे, पण ती मला कधी गोत्यात आणत नाही. शिवलेली, पृष्ठक्रमांक घातलेली नोंदवही घ्यावी. सुटे कागद आणि संगणकावरचा तक्ता नको, कारण दोन्ही मागाहून बदलता येतात. येण्याची वेळ, जाण्याची वेळ, केलेले काम, त्या व्यक्तीची सही आणि देखरेख करणाऱ्याची सही, हे सारे त्याच दिवशी लिहावे. माणूस आला नाही तर ‘गैरहजर’ असे तितक्याच तत्परतेने लिहावे. चूक झाल्यास एक रेघ मारून शेजारी आद्याक्षरे करावीत; व्हाइटनर कपाटातच राहू द्यावा.

याच चुकीचा सुशिक्षित अवतार म्हणजे देणगी. ‘साहेब, संस्थेला पाच हजार देतो, तेवढे तास झाले असे लिहून टाका,’ असे म्हणणारे बहुतेकदा चारचाकीतून येतात आणि वर आयकराच्या सवलतीची पावतीही मागतात. न्यायालयाला दंडच हवा असता तर त्याने दंड केला असता. सेवा चालू असेपर्यंत त्या व्यक्तीकडून किंवा तिच्या नातलगांकडून एक रुपयाही घेऊ नये, गणपतीची वर्गणीसुद्धा नको.

वेळा परस्पर बदलू नयेत. हातावर पोट असलेल्या माणसाला सकाळची वेळ जमत नसेल तर न्यायालयाकडे अर्ज करायला सांगावे. दया दाखवण्याचा तो अधिकार विश्वस्तांचा नाही.

छायाचित्रे काढू नयेत. एका संस्थेने मैदान झाडणाऱ्या तरुणाचा फोटो ‘सुधारणेच्या वाटेवर’ अशा मथळ्याखाली गावाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला; दुसऱ्या दिवसापासून तो येईनासा झाला आणि संस्थेने त्याच्या नावापुढे गैरहजेरी मांडली. कामाची शिक्षा न्यायाधीशांनी दिली होती, चव्हाट्यावर उभे करण्याची शिक्षा संस्थेने स्वतःच जोडली, आणि तिच्या परिणामाचा दोष त्याच्या माथी मारला. शौचालये फक्त त्यालाच धुवायला लावणे हाही त्याच वृत्तीचा प्रकार आहे. इतर स्वयंसेवक जे करतात, तेच काम त्याला द्यावे.

फुकटचा माणूस मिळाला म्हणून पगारी सफाई कामगाराला सुटी देऊ नये, आणि अध्यक्षांच्या शेतावर तर कोणालाही पाठवू नये. त्यात समाजाचे हित कोठेच नाही. हातमोजे, गमबूट आणि प्रथमोपचाराची पेटी पहिल्या दिवसाआधी आणावी.

शेवटचा अहवाल कोरडा असावा. तारखा, तास, गैरहजेरी आणि कामाचे स्वरूप एवढेच लिहावे. ‘वर्तनात आमूलाग्र बदल झाला’ यांसारखी वाक्ये गाळावीत, कारण दोन आठवड्यांत तसा बदल ओळखण्याची पात्रता आपल्यापैकी कोणाकडेही नसते. न्यायालयाचा आवक शिक्का असलेली एक प्रत फायलीत लावावी आणि एक त्या व्यक्तीला न मागता द्यावी. सेवा पूर्ण न केल्यास न्याय संहितेच्या कलम 8 मध्ये कारावासाची तरतूद आहे, आणि संस्थेने कागद हरवला म्हणून तुरुंगाची भीती त्या व्यक्तीलाच बाळगावी लागते, चिटणिसांना नव्हे.