मुलांना बुद्धिबळातल्या चाली शिकवायच्यात? आधी पट रिकामा करा

दिव्या देशमुखने जुलै २०२५मध्ये जॉर्जियातल्या बातुमीत महिला विश्वचषक जिंकला. ती नागपूरची, त्यामुळे आपल्याही पाच-सहा वर्षांच्या पोराला पटासमोर बसवावंसं वाटणं साहजिक आहे. घोळ होतो तो पहिल्याच दिवशी बत्तीस सोंगट्या मांडल्याने. मूल घोडा हातात घेऊन खिदळतं आणि आपण चिडतो.

मे महिन्याची दुपार याला बरी, तसंही उन्हात कोणी बाहेर जात नाही. पट तेवढा कूलरच्या झोतापासून दूर मांडा, प्लास्टिकच्या हलक्या सोंगट्या आडव्या होतात. दोघांच्याही उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर यायला हवं.

सुरुवात एकट्या हत्तीने करा. सरळ किंवा आडवा, वाट मोकळी असेल तिथवर. पाच-सहा घरांत शेंगदाणे ठेवा आणि कमीत कमी चालींत सगळे खायला सांगा. खाल्लेला दाणा खरोखर तोंडात जाऊ द्या. मग वाटेत आपलंच एक प्यादं ठेवा. ते ओलांडता येत नाही, हे सांगण्यापेक्षा अडल्यावर लवकर कळतं.

दुसऱ्या दिवशी उंट. तो तिरका जातो आणि घराचा रंग कधीच सोडत नाही. काळ्या घरातल्या उंटाला पांढऱ्या घरातला दाणा खायला सांगा आणि गप्प बसा. मूल बराच वेळ झटेल, मग स्वतःच म्हणेल, ‘हा जातच नाही!’ हत्ती आणि उंट जमले की वजिराला वेगळा धडा लागत नाही, दोघांच्या चाली त्याच्याकडे आहेत.

घोड्याला मात्र भरपूर वेळ द्या. दोन घरं सरळ, मग एक घर बाजूला. मधल्या सोंगट्यांवरून उडी मारता येते. चूक पकडायची सोपी खूण म्हणजे रंग: काळ्या घरातून निघालेला घोडा पांढऱ्यातच उतरतो. घरी फरशीचे चौकोन असतील तर मुलालाच घोडा करून उड्या मारायला लावा. पटाच्या मध्यावर घोड्याला आठ घरं मिळतात, कोपऱ्यात दोनच. ही घरं मुलालाच मोजू द्या. पुढे एका कोपऱ्यातून समोरच्या तिरक्या कोपऱ्यात जायचं कोडं घाला. सहा चाली लागतात, पण हा आकडा आधी सांगू नका.

प्यादं दिसायला लहान, शिकवायला सगळ्यांत किचकट. चालतं सरळ, मारतं तिरकं, मागे फिरत नाही, पहिल्या चालीला दोन घरं जाऊ शकतं. आजोबा देशी पद्धतीने खेळणारे असतील तर ते ‘एकच घर’ म्हणतील, तेव्हा घरात आधी एकमत करा. आता दोन्हीकडे आठ-आठ प्यादी मांडून लढवा. ज्याचं प्यादं आधी पलीकडे पोचेल तो जिंकला. या खेळावर आठवडा गेला तरी हरकत नाही.

राजा शेवटी. एक घर, कुठल्याही बाजूला, पण शह बसेल तिथे नाही. मग या प्याद्यांच्या खेळातच रोज एकेक सोंगटी वाढवत पूर्ण डावावर या. किल्लेकोट, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं, पूर्ण डाव सुरू झाल्यावर सांगा. दोन घरं चालून शेजारी आलेल्या प्याद्याला प्यादं ओझरतं मारतं तो नियम मूल प्रत्यक्ष डावात तिथवर पोचेपर्यंत काढूच नका.