धनुर्वाताचं इंजेक्शन घेताना मोठी माणसं करतात त्या चुका

गंजका खिळा चपलेतून टाचेत घुसला की घरात पहिला प्रश्न येतो, ‘टीटी घेतलं का?’ विचारायला हवं ते वेगळंच: आजवर एकूण किती डोस झालेत, आणि शेवटचा कधी? पुढचा उपचार या दोन उत्तरांवर ठरतो.

एका इंजेक्शनवर निर्धास्त होणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ज्याला आधी एकही डोस मिळालेला नाही, त्याच्या शरीराला पहिल्या डोसने लसीची नुसती ओळख होते. संरक्षण मिळेल इतकी प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) साधारण दुसऱ्या डोसनंतर तयार होतात. धनुर्वाताची लक्षणं मात्र जखमेनंतर बहुतेक वेळा ३ ते २१ दिवसांतच दिसू लागतात. त्यामुळे एकूण तीनपेक्षा कमी डोस झाले असतील किंवा काहीच आठवत नसेल, आणि जखम खोल किंवा माती-शेणाने माखलेली असेल, तर लसीसोबत धनुर्वाताचं इम्युनोग्लोब्युलिनही लागतं. त्याची नेहमीची मात्रा २५० युनिट. ते वेगळ्या सिरिंजने, शरीरावर वेगळ्या जागी देतात. त्यात तयार प्रतिपिंडं असतात, म्हणून लगेच उपयोग होतो.

जखम भरली तरी कोर्स संपत नाही. दुसरा डोस चार आठवड्यांनी, तिसरा त्यानंतर ६ ते १२ महिन्यांनी. मधला डोस लांबला तर पहिल्यापासून सुरुवात करू नका, राहिलेले तेवढे घ्या.

देशात लसीकरण कार्यक्रम सुरू झाला १९७८ मध्ये. त्याआधी जन्मलेल्या बायकांपैकी अनेकींना निदान गरोदरपणात टीटी मिळालं, पुरुषांना तीही संधी नव्हती. गोठ्यात-शेतात रोज राबणारे घरातले आजोबा नेमके यातच मोडतात. त्यांना जखम होण्याची वाट पाहू नका, आजच कोर्स सुरू करा.

दर खरचटण्याला एक टोचून घेणं

हे दुसरं टोक. तीन डोस पूर्ण असतील तर लहान, स्वच्छ जखमेला बूस्टर तेव्हाच लागतो, जेव्हा शेवटच्या डोसला १० वर्षं होऊन गेलेली असतात. घाण किंवा खोल जखमेला हीच मुदत ५ वर्षं. प्रतिपिंडं भरपूर असताना पुन्हा टोचलं तर दंड थेट कोपरापर्यंत सुजून लाल होऊ शकतो. हे टाळायचं तर नोंद हवी. डोस घेतल्यावर केसपेपरचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

शक्य असेल तिथे टीडी मागा. त्यात घटसर्पाचीही लस असते. सरकारी कार्यक्रमातही २०१९ पासून टीटीच्या जागी टीडीच आहे.

‘चोवीस तास उलटले, आता काय उपयोग?’

उपयोग आहे. लवकर घेणं चांगलंच, पण चौथ्या दिवशी आठवलं तरी जा.

जखम न धुता दवाखाना गाठणं

गंजाने धनुर्वात होत नाही. त्याचे जंतू माती आणि जनावरांच्या शेणात असतात आणि हवा नसेल तिथे वाढतात. खिळ्याची जखम वरून एवढीशी दिसते. तोंड लगेच मिटतं आणि आत घाण कोंडते. वाहत्या पाण्याने, साबणाने नीट धुवा. आत कण किंवा मेलेलं मांस राहिलं असेल तर ते डॉक्टरांकडून काढून घ्या. माती, शेण, चुना, चहापूड यातलं काहीही जखमेत भरू नका. मधुमेह असेल तर पायाची जुनी, चिघळलेली जखमही धनुर्वाताचा धोका असलेल्या जखमांत धरा.

कुत्रा चावला असेल तर टीटीने रेबीज टळत नाही. ती लस वेगळी घ्यावीच लागते.

अँप्युल आणून फ्रीजरमध्ये ठेवणं

ही लस २ ते ८ अंशांत ठेवतात. गोठली की तिच्यातल्या ॲल्युमिनियमच्या कणांच्या गुठळ्या होतात आणि ती निकामी होते; वितळवून परत चालत नाही. ऐन वेळी दुकानातून घ्या आणि लगेच टोचून घ्या. मोठ्यांना ०.५ मिली, दंडाच्या स्नायूत. कमरेखाली नको.

‘एकदा होऊन गेला, आता भीती नाही’

जबडा आखडून तोंड उघडेनासं झालं, मान ताठली, तर घरी थांबू नका; अतिदक्षता विभाग असलेलं रुग्णालय गाठा. त्यातून माणूस बरा झाला तरी धनुर्वात पुन्हा होऊ शकतो. आजार घडवणारं विष इतकं थोडं असतं की त्याने प्रतिकारशक्ती तयार होत नाही. म्हणून अशा रुग्णाचा लसीचा कोर्स रुग्णालयातच सुरू करून घ्या आणि घरी जाताना पुढच्या डोसची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून मागा.