आउटबॅकमधल्या गावात सामान भरताना या चुका टाळा

शाळांना जुलैची सुट्टी लागली की मेलबर्न आणि अॅडलेडमधली बरीच मराठी कुटुंबे मोटारीने ऑस्ट्रेलियाच्या मध्यातल्या वाळवंटी प्रदेशात, म्हणजे आउटबॅकमध्ये, उलुरूचा प्रचंड खडक पाहायला निघतात. परतल्यावर त्यांच्या तक्रारी दरवर्षी जवळजवळ त्याच असतात: दुकान बंद होते, भाजी सुकलेली होती, हवी ती वस्तू मिळाली नाही आणि मिळाली ती फार महाग होती. यांतल्या बहुतेक अडचणींचे मूळ एकच आहे. लागेल तेव्हा खाली जाऊन आणायचे, ही शहरातली सवय आपण तशीच वाळवंटात घेऊन जातो.

सर्वांत घातक वाक्य म्हणजे ‘पुढच्या गावात घेऊ’. अॅडलेडहून उत्तरेला जाताना पोर्ट ऑगस्टा सोडल्यावर कूबर पीडी हे गाव सुमारे ५४० किलोमीटरवर आहे आणि त्यातला ग्लेनडॅम्बोनंतरचा अडीचशे किलोमीटरचा पट्टा तर जवळजवळ निर्मनुष्य आहे. कूबर पीडीहून उलुरूजवळच्या युलाराला जायला आणखी साडेसातशे किलोमीटर धरावे लागतात. मधली मार्ला, कुलगेरा, एर्लडुंडा ही नावे नकाशावर ठळक दिसत असली तरी तिथे बाजारपेठ नसते. पेट्रोलचा पंप, खानावळ, काही खोल्या आणि वस्तूंची चार-दोन फडताळे, एवढाच रोडहाउसचा संसार असतो.

एका हिवाळ्यात काही ओळखीच्या कुटुंबांसोबत मी कूबर पीडीला पोहोचलो, तेव्हा शनिवारची दुपार कलली होती. एका जोडप्यासोबत आठ महिन्यांचे बाळ होते आणि त्याच्या दुधाच्या पावडरीचा डबा तळाला गेला होता. आधी दुकानात जाऊ, असे मी सुचवले. मात्र ब्रेकअवेज टेकड्यांवरचा सूर्यास्त चुकेल आणि दुकान काही पळून जात नाही, असे बाळाच्या वडिलांचे म्हणणे पडले. त्या टेकड्या गावापासून तीसेक किलोमीटरवर आहेत. आम्ही परतलो तेव्हा अंधार पडला होता आणि दुकानाला कुलूप होते. दुसऱ्या दिवशी रविवार असल्यामुळे दुकान उशिरा उघडणार होते, आणि संध्याकाळी कांगारू व गुरे रस्त्यावर येण्याआधी युलारा गाठायचे तर पहाटेच निघणे भाग होते.

वाटेतल्या एका रोडहाउसच्या फडताळावर नूडल्स, बीन्सचे डबे, टिकाऊ दूध आणि त्याच रांगेत इंजिन ऑइल होते. पावडरीचा एकच डबा होता, तोही एक वर्षावरच्या मुलांचा. आहे ती पावडर पातळ करून पाजा, असा सल्ला आमच्यातल्याच कोणीतरी दिला. बाळाच्या आईने तो ठामपणे नाकारला आणि तिचे अगदी बरोबर होते, कारण पातळ केलेल्या दुधाने पोट भरल्यासारखे वाटते पण बाळाला पोषण मिळत नाही. तिने उरलेले चमचे मोजून दोन वेळांसाठी राखून ठेवले. मधल्या वेळी मोटारीच्या आडोशाला स्टोव्ह पेटवून मुगाच्या डाळीचा मऊ भात शिजवला आणि घोटून भरवला. संध्याकाळी युलाराच्या सुपरमार्केटात योग्य डबा हाती लागेपर्यंत त्या मोटारीत कोणी फारसे बोलले नाही. सूर्यास्त दुसऱ्या दिवशीही होतोच, म्हणून गावात शिरल्यावर माझा पहिला थांबा दुकान असतो. मुक्कामाची खोलीदेखील नंतर. बाळाचे खाणे, डायपर आणि रोजची औषधे तर शहरातूनच पूर्ण प्रवासापुरती आणि वर थोडी शिल्लक राहतील इतकी न्यावीत.

दुसरी चूक म्हणजे माल कधी येतो हे न विचारता ताज्या भाजीची अपेक्षा धरणे. या गावांत फळे, भाज्या आणि दूध ठरावीक दिवशी ट्रकने येतात. ट्रकच्या आदल्या दिवशी गेलात तर मऊ पडलेले टोमॅटो आणि कोबीचे दोन गड्डे मिळतील, तेवढ्यावरून दुकानदाराला नावे ठेवण्यात अर्थ नाही. एक दिवस आधी फोन करून ट्रकचा वार आणि दुकानाची वेळ विचारली की काम भागते, पण अनेकांना हा फोन जड जातो. पाऊस झाला तर ट्रकही येत नाही. २०२२च्या जानेवारीत दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात पूर आला, तेव्हा हाच रस्ता, म्हणजे स्टुअर्ट हायवे, पाण्याखाली गेला, रेल्वेमार्ग वाहून गेला आणि कूबर पीडीला हवाई दलाच्या विमानाने अन्न पोहोचवावे लागले. म्हणूनच मी दोन दिवसांचा कोरडा शिधा नेहमी वेगळा बांधतो आणि वेळ आल्याशिवाय त्याला हात लावत नाही. त्यात पोहे, रवा, मूगडाळ, मेतकूट, भाजलेले शेंगदाणे आणि गूळ असतो. यांतल्या बऱ्याच वस्तू लहान गावांत मिळतच नाहीत. रोडहाउसमध्ये खाऊ, असे म्हणणाऱ्या शाकाहारी मंडळींनी तिसऱ्या दिवशीही चिप्स आणि टोस्टेड सँडविच खाण्याची तयारी ठेवावी.

याच संदर्भात मनापासून सांगावेसे वाटते की फडताळ रिकामे करू नका. त्या एका दुकानावर गावाबरोबरच आसपासची गुरांची फार्मे आणि आदिवासी वस्त्याही अवलंबून असतात. माणसे शेकडो किलोमीटरवरून महिन्याचे सामान भरायला येतात. आपण पर्यटक म्हणून पावाच्या सगळ्या लाद्या उचलल्या तर त्यांनी पुढच्या ट्रकपर्यंत काय करायचे?

उतावीळपणे फळे-भाज्या भरून राज्याची सीमा ओलांडणे हीदेखील नेहमीची चूक आहे. मिल्ड्युराहून दक्षिण ऑस्ट्रेलियात शिरताना यांबाला आणि ब्रोकन हिलकडून येताना ऊडला विर्राला तपासणी नाका लागतो. फळमाशीच्या प्रतिबंधासाठी तिथे फळांबरोबर टोमॅटो, मिरच्या आणि वांगीही काढून घेतात, आणि सामान लपवल्यास दंड होतो. पश्चिम ऑस्ट्रेलियात मधही नेता येत नाही. ताजी खरेदी नाका ओलांडल्यावरच करावी.

पाण्याच्या बाबतीत मी कोणाचेही ऐकत नाही. माणशी रोज दहा लिटर हा माझा हिशेब आहे आणि थंडीतही मी तो कमी करत नाही. सुपरमार्केटात दहा लिटर पाण्याचे खोके स्वस्त मिळते, मात्र त्याच्या आतली पिशवी पातळ असते. कच्च्या रस्त्याच्या हादऱ्यांनी ती कोपऱ्याला घासून फुटते आणि मोटारीतले अंथरूण भिजल्यावरच ते लक्षात येते. निम्मे पाणी तरी जाड प्लास्टिकच्या कॅनमध्ये ठेवावे. अनेक रोडहाउसच्या नळाला बोअरचे खारे पाणी येते, त्यावर विसंबू नये. कूबर पीडीत भूगर्भातले खारे पाणी शुद्ध करून गावाला पुरवतात आणि प्रवाशांना नाणी टाकून ते भरून घेता येते.

पेट्रोल अर्धी टाकी उरली की भरावे. पुढे स्वस्त मिळेल या आशेने पंप सोडू नये. मध्य ऑस्ट्रेलियातल्या बऱ्याच पंपांवर साध्या पेट्रोलऐवजी ओपल नावाचे इंधन मिळते. पेट्रोल हुंगण्याच्या व्यसनाला आळा बसावा म्हणून ते २००५पासून आणले गेले आणि नेहमीच्या पेट्रोलच्या मोटारीला ते चालते, त्यामुळे घाबरून पंप सोडण्याचे कारण नाही. नेटवर्क गेले की कार्ड निरुपयोगी ठरते, म्हणून रोख रक्कम बाळगावी. उन्हाळ्यात एलिस स्प्रिंग्स या शहराकडून दक्षिण ऑस्ट्रेलियात शिरताना घड्याळ एक तास पुढे करावे लागते. ते विसरल्यास दुकान डोळ्यांदेखत बंद होते. एलिस स्प्रिंग्समध्ये २०२३च्या जानेवारीपासून बाटलीबंद दारूच्या विक्रीवर वारांचे आणि वेळांचे निर्बंध आले आहेत, तेव्हा चौकशी करूनच दुकानाकडे जावे.

शेवटी गॅस. स्टोव्हला लागणारा गॅसचा डबा फिरवून बसवायच्या आट्यांचा आहे की लांबट नळीचा, हे घरूनच पाहून निघावे, कारण लहान गावांत बहुधा लांबट डबाच मिळतो. त्यात निव्वळ ब्यूटेन असेल तर जुलैच्या पहाटे स्टोव्ह मिणमिणतो आणि पाण्याला आधण येत नाही. डबा बिघडलेला आहे असे समजून लोक दुसरा उघडतात, आणि तोही तसाच वागतो. ब्यूटेनचे शून्य अंशाच्या आसपास वायूत रूपांतर होणे थांबते आणि वाळवंटातल्या रात्री तितक्या थंड होतात. प्रोपेन मिसळलेला डबा शहरातूनच घ्यावा. तो नसेल तर ब्यूटेनचा डबा रात्री पांघरुणात घेऊन झोपावे आणि चहाच्या वेळीच बाहेर काढावा. विस्तवाजवळ किंवा गरम पाण्यात ठेवून तो तापवण्याचा प्रयत्न कोणीही करू नये.