जुन्या डीव्हीडींसाठी प्लेअर निवडताना

लग्नाची किंवा झाडीपट्टीच्या नाटकाची डीव्हीडी मोठ्या टीव्हीवर धूसर दिसते. आपल्याकडच्या पाल (PAL) या टीव्ही-पद्धतीच्या डीव्हीडीत चित्र ७२० बाय ५७६ बिंदूंचं असतं. फुल एचडी पडद्याला त्याच्या पाचपट आणि फोर-केला वीसपट बिंदू लागतात. मधले बिंदू भरण्याचं काम, म्हणजे अपस्केलिंग, प्लेअर करतो नाहीतर टीव्ही.

खोक्यावर छापलेल्या ‘१०८०पी अपस्केलिंग’वरून काहीच कळत नाही. खरी परीक्षा डीइंटरलेसिंगची, म्हणजे अर्ध्या चित्रांतून पूर्ण चित्र बनवण्याची असते. व्हिडिओ कॅमेऱ्याच्या जुन्या चित्रणात सेकंदाला ५० अर्धी चित्रं असतात: एकात विषम ओळी, पुढच्यात सम, आणि दोन्ही वेगवेगळ्या क्षणांची. ती नुसती जोडली की हलत्या हाताच्या कडेला कंगव्यासारखे दात दिसतात. एकच अर्धं ताणलं की तिरप्या कडांना पायऱ्या पडतात. चांगला प्लेअर स्थिर भागात दोन्ही जोडतो आणि फक्त हलत्या भागात मधल्या ओळी अंदाजाने भरतो. सिनेमात मात्र दोन्ही अर्धी सहसा एकाच फ्रेमची असतात. तिथे जोडणंच योग्य, आणि हे प्लेअरला आपणहून ओळखता आलं पाहिजे.

म्हणून नागपुरात बर्डीच्या बाजारात जाताना लग्नाची आणि सिनेमाची अशा दोन डिस्क घरूनच न्या. जोडणी एचडीएमआयनेच करायला सांगा; पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीतून वाढवलेलं चित्र येतच नाही. दुकानातल्या टीव्हीचा ‘व्हिव्हिड’ मोड बदलून ‘सिनेमा’ करा, शार्पनेस उतरवा. मग वरातीचा भाग लावा. कॅमेरा फिरताना खिडकीचे गज थरथरतात का? जरीचे काठ चमचमतात का? लाल शालूच्या कडेला दातेरी रेघा दिसल्या तर प्लेअर रंग नीट हाताळत नाही. वर सरकणारी नावंही बघा.

यानंतर प्लेअरचं आउटपुट ५७६आय (डिस्कवरचं मूळ, न वाढवलेलं चित्र) करून तोच प्रसंग पुन्हा पाहा. आता सगळं काम टीव्ही करतोय. चित्र इथेच चांगलं वाटलं तर महागडा प्लेअर घेऊ नका. ही तुलना घरच्या टीव्हीवर केलेली सगळ्यात बरी, त्यामुळे दुकानदाराला बदलून देण्याबद्दल आधीच विचारून ठेवा.

व्हीसीडी असतील तर माहितीपत्रकात तो शब्द शोधा, कारण अनेक ब्लू-रे प्लेअर त्या वाचत नाहीत. डिस्क कुठल्या भूभागात चालावी याचा क्रमांक म्हणजे रीजन. अमेरिकेहून आलेली डिस्क रीजन १ची असू शकते आणि आपल्याकडचा प्लेअर ५चा, म्हणून ती चालेल का हे आधी बघा. जुनं चित्रण ४:३ आकाराचं असेल तर तसंच ठेवा, नाहीतर चेहरे रुंद होतात.

ओप्पोच्या प्लेअरचं नाव आजही आदराने घेतलं जातं, पण त्यांनी २०१८मध्ये नवे काढणं थांबवलं. जुना घेताना पूर्ण भरलेली डिस्क शेवटच्या प्रकरणापर्यंत चालवून पाहा; थकलेली लेन्स बऱ्याचदा तिथेच अडखळते. मे महिन्यात तो बंद कपाटात कोंबू नका, वर-मागे वितभर जागा सोडा.

लग्नाची डिस्क बहुधा घरगुती बर्नरवर लिहिलेली डीव्हीडी-आर असते. तिचा थर उन्हाने आणि उष्णतेने खराब होतो, म्हणून नव्या प्लेअरची वाट न पाहता आधी तिची प्रत संगणकावर काढून ठेवा.