जुना लाँग-हॉल (लांब पल्ल्याचा) ट्रक घेताना : आधी रूट, मग इंजिन

किती किलोमीटर चालली आणि रंग कसा आहे, हे बघण्याआधी गाडी कोणत्या रूटवर टाकायची ते ठरवा. युरोपीय संघातून जायचं असेल तर एक्झॉस्टची श्रेणी (धूर किती स्वच्छ, त्याचा युरो क्रमांक) आणि टॅकोग्राफ (वेग, अंतर आणि ड्रायव्हरचे तास नोंदणारं यंत्र) आधी बघा. तिथे देशाबाहेर जाणाऱ्या जड गाड्यांमधले अ‍ॅनालॉग आणि जुने डिजिटल टॅकोग्राफ बदलून दुसऱ्या पिढीचा स्मार्ट टॅकोग्राफ लावायची मुदत डिसेंबर २०२४ अखेर होती, पहिल्या पिढीच्या स्मार्टसाठी ऑगस्ट २०२५. तो नसेल तर बदलायचा खर्च किमतीतून कापून घ्या. तिथे २०१४ पासून नोंदवलेला नवा ट्रक युरो ६ असतो. बऱ्याच रूटवर टोल आणि परवाने या श्रेणीवर ठरतात.

रूट उलट दिशेचा असेल, म्हणजे ज्या देशांत डिझेलमध्ये गंधक जास्त आहे तिकडे जाणारा, तर हीच युरो ६ डोकेदुखी होते. ती १० पीपीएम गंधकाच्या डिझेलसाठी बनलेली असते. जास्त गंधकाने धूर साफ करणारा कॅटॅलिस्ट मरतो, काजळी पकडणारा पार्टिक्युलेट फिल्टर तुंबतो आणि गाडी पॉवर कमी करून रांगायला लागते. अशा रूटवर साधी, जुन्या श्रेणीची गाडी बरी, पण ती पुन्हा सीमेच्या पलीकडे चालेल का ते बघूनच.

ट्रेलर कुठला ओढायचा तेही आत्ताच ठरवा. नेहमीच्या ट्रेलरला सॅडलची (ट्रकवर ट्रेलर टेकतो आणि अडकतो त्या बैठकीची) उंची साधारण ११५० मिमी लागते, जास्त उंच माल घेणाऱ्या मेगा ट्रेलरला ९५० च्या आसपास. टीआयआरवर (सील केलेला माल सीमांवर न उघडता नेण्याची आंतरराष्ट्रीय कस्टम्स पद्धत) माल नेणार असाल तर मंजुरीचा दाखला माल भरतो त्या भागाला असतो. सेमीट्रेलर ओढणाऱ्या घोड्याला (पुढच्या इंजिनवाल्या गाडीला) तो लागत नाही, ट्रेलरला लागतो, आणि दर दोन वर्षांनी पुन्हा तपासून घ्यावा लागतो.

गाडी बघायला जाताना विकणाऱ्याला सांगा, इंजिन सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर आधी ब्लॉकला हात लावा. कोमट लागला तर कारण विचारा. थंड इंजिन किती वेळ फिरवल्यावर पकडतं, ते ऐका. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबला नाही तर कूलंट आत जातंय किंवा इंजेक्टर खराब आहे. आता तेल भरायचं झाकण सोडवून त्याच तोंडावर उलटं ठेवा. थोडं थरथरलं तर चालेल. उडून पडायला लागलं तर रिंग-लायनर झिजलेत, किमतीची बोलणी बंद करा.

कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग दिसला की सगळे हेड गॅस्केटवर बोट ठेवतात. रिटार्डर (उतारावर गाडी रोखून धरणारा जादा ब्रेक) असलेल्या गाडीत त्याच्या हीट एक्स्चेंजरचाही संशय घ्या. तो फुटला तरी तेल कूलंटमध्येच येतं.

युरियाची (धूर साफ करायला एक्झॉस्टमध्ये फवारतात ते द्रावण) फसवणूक फार होते. सिस्टीम बंद करून खोटे सिग्नल देणारी इम्युलेटरची डबी लावलेली असते आणि काटा मात्र भरलेली टाकी दाखवतो. म्हणून झाकण उघडून आतली पातळी डोळ्यांनी बघा. मग मालकाला विचारून युरिया पंपाचा प्लग काढा. चांगल्या गाडीत थोड्या वेळाने डॅशवर खूण येते आणि स्कॅनरवर फॉल्ट दिसतो. काहीच झालं नाही तर समजून जा. रस्त्यावरच्या तपासणीत अशी गाडी सापडली की दंड तुमच्या नावावर.

किलोमीटर खरे की खोटे, ते टॅकोग्राफच सांगतो. तांत्रिक माहितीची प्रिंट काढायला लावा. त्यात प्रत्येक कॅलिब्रेशनची तारीख, त्या वेळचं रीडिंग आणि चेसिस नंबर येतो. कॅलिब्रेशन दर दोन वर्षांनी असतं, त्यामुळे मध्येच आकडा घसरला तर लगेच दिसतो. लाँग-हॉल घोडा वर्षाला लाख-सव्वा लाख किमी सहज चालतो. सहा वर्षांच्या गाडीवर चार लाख दिसले तर खूश होऊ नका, ही प्रिंट मागा. चेसिसवर कोरलेला १७ अक्षरांचा नंबर, प्लेट आणि कागद, तिन्ही जुळले पाहिजेत.

खाली वाकून सॅडलच्या बैठकीजवळ चेसिसला ताजा रंग दिसतो का बघा. त्याखाली वेल्डिंग असू शकतं. नेहमीच्या २२.५ इंची चाकांच्या ब्रेक डिस्क नव्या ४५ मिमी असतात, बहुतेक ठिकाणी ३७ ला बाद. हवा पूर्ण भरून इंजिन बंद करा, ब्रेक दाबून धरा, मिनिटाभरात ०.२ बारपेक्षा जास्त उतरली तर कुठेतरी गळती आहे.

चाचणी भरलेल्या ट्रेलरसहच घ्या. मोकळ्या घोड्यावर क्लच, टर्बो, कूलिंग काहीच उघडं पडत नाही. ट्रेलरचा ब्रेक लावून हळू पुढे-मागे हलवा: सॅडलमध्ये ठक्-ठक् आवाज आला तर जबडे झिजलेत, पण किंगपिनही (ट्रेलरची सॅडलमध्ये अडकणारी पिन) मोजून घ्या, नवी ५०.८ मिमी असते, ४९ च्या खाली गेली की ट्रेलरवर खर्च. चढावर रिव्हर्समध्ये रांगवा, क्लच थरथरतो का बघा. उतारावर रिटार्डरच्या सगळ्या पायऱ्या वापरा आणि तापमानाच्या काट्यावर नजर ठेवा.

गाडी ताब्यात आली की पहिल्या ट्रिपआधी सगळी तेलं, फिल्टर आणि एअर ड्रायरचं (ब्रेकच्या हवेतली ओल काढणाऱ्या यंत्राचं) कार्ट्रिज बदला. जुन्या कार्ट्रिजमुळे हवेच्या लाइनमध्ये पाणी साचतं आणि थंड प्रदेशात ते गोठून ब्रेक जाम होतात.