गावात ट्रेडिंगची खोली करताय? या चुका टाळा

दिवाळीपासून पाच जणांनी विचारलं, भाऊ, शेअर बाजारातल्या ट्रेडिंगसाठी खोली करून राहिलो, मॉनिटर कोणते घेऊ? पाचही जणांचा पहिला प्रश्न मॉनिटरचाच. लाईन गेली त काय करायचं, हे एकानंही विचारलं नाही. राजेहो, आपण विदर्भातल्या खेड्यात बसून ट्रेड करतो, मुंबईच्या टॉवरमध्ये नाही.

इन्व्हर्टर आहे, पण राऊटर त्यावर नाही

ही चूक मी दर दुसऱ्या खोलीत पाहतो, आणि मीही केली आहे. 4 जून 2024, लोकसभेच्या निकालाचा दिवस. आदल्या दिवशी एक्झिट पोलवर निफ्टी, म्हणजे पन्नास मोठ्या शेअरचा निर्देशांक, तीन टक्क्यांच्या वर चढून बंद झालेला, माझे फ्युचरचे (पुढच्या तारखेच्या सौद्याचे) दोन लॉट, म्हणजे गठ्ठे, खरेदीत, आणि स्टॉपलॉस, म्हणजे भाव इथवर पडला की सौदा बंद करायचा तो आकडा, डोक्यात, सिस्टीममध्ये नाही. बाजार सकाळपासूनच पडत होता, मी म्हटलं थोडा वर आला की निघतो. पावणेबाराला लाईन गेली. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर, स्क्रीन मस्त चालू, पण भाव जागचे हलेनात. फायबरचा डबा, म्हणजे राऊटर, समोरच्या खोलीत साध्या प्लगवर होता, तो बंद. मोबाईल काढला त अख्खं गाव मोबाईलवर निकाल पाहत होतं, नेट चालेच ना. ब्रोकरला फोन करून सौदा कापता, म्हणजे बंद करता, येतो हे माहीत होतं, पण तो नंबर मेलमध्ये, आणि मेलला नेट पाहिजे. चाळीस मिनिटांनी लाईन आली तोवर दोन एकर सोयाबीनच्या खर्चाएवढे पैसे गेले होते. त्या दिवशी निफ्टी जवळपास सहा टक्के पडून बंद झाला.

तेव्हापासून माझ्याकडे राऊटरला वेगळा छोटा यूपीएस आहे, हजार-दीड हजारात येतो. दुसऱ्या कंपनीचं सिम कायम रिचार्ज केलेलं. ब्रोकरच्या डीलिंगचा नंबर आणि माझा क्लायंट आयडी टेबलासमोरच्या भिंतीवर मार्करनं लिहिला आहे. आणि सौदा घेतला की लगेच स्टॉपलॉसची ऑर्डर टाकतो, कारण ती एकदा लागली की एक्स्चेंजकडे असते, मग तुमचं नेट असो नसो. इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचं बटण असेल त ते दाबा, नाहीतर लाईन जाताच डेस्कटॉप रीस्टार्ट होतो. लॅपटॉप असेल त हा प्रश्नच नाही, म्हणून नवीन पोट्ट्यांना मी लॅपटॉपच सांगतो.

दुसरी चूक, चार स्क्रीन. बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीच्या 2024 च्या अभ्यासात 2022 ते 2024 या तीन आर्थिक वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर आणि ऑप्शन) करणाऱ्या शंभरातल्या 93 जणांचं नुकसान झालेलं दिसलं, आणि तुम्ही पहिल्याच महिन्यात स्क्रीनवर लाखभर घालता. एक लॅपटॉप, एक मॉनिटर, पुरे. ज्याला वर्षभर धीर धरवत नाही त्याला चार स्क्रीन काय, दहाही पुरत नाहीत.

तिसरी, टिनाखाली किंवा स्लॅबखाली वरची खोली. मे महिन्यात दुपारी दोननंतर तिथं डोकं चालत नाही, आणि बाजाराचा शेवटचा दीड तास तोच असतो. इंट्राडेचे, म्हणजे त्याच दिवशी घेऊन त्याच दिवशी कापायचे, सौदे बहुतेक ब्रोकर सव्वातीनच्या आसपास स्वतःच कापतात, त्याच्या आधी तुम्ही शुद्धीवर पाहिजे. खालची, उत्तरेकडची खोली घ्या. कूलर लावला त समोरची खिडकी उघडी ठेवा, हवा निघाली नाही त नुसता दमटपणा होतो, आणि कूलरचं तोंड मशीनकडे नको.

खोलीचा कट्टा करणं

हे मला सगळ्यात जास्त टोचते. एका ओळखीच्या पोरानं बसस्टँडजवळ गाळा घेतला, शटर उघडं, सहा खुर्च्या, टीव्हीवर बिझनेस चॅनल मोठ्या आवाजात. दहा वाजता चहा घेऊन माणसं येत. कोणी म्हणे बँक निफ्टी आता फुटते, कोणी म्हणे थांब. तो पोरगा हुशार होता, घरी एकटा बसून दिवसाला दोन सौदे करायचा, तिथं पंधरा करायला लागला, कारण सहा जण पाहत असताना हात बांधून बसायला लाज वाटते. मग एक काका म्हणाले, माझे पन्नास हजार चालवून दे. दुसऱ्यांचे पैसे असे चालवायला सेबीची नोंदणी लागते, हे त्याला ठाऊकच नव्हतं. पैसे बुडाले, आता ते काका त्याच्या बापाशीही बोलत नाहीत.

माझ्या खोलीत खुर्ची एकच आहे. सव्वानऊ ते साडेदहा आतून कडी. आईला सांगून ठेवलं आहे, कोणी आलं त म्हण साडेतीननंतर ये. टीव्ही नाही, व्हॉट्सॲपचे टिपवाले ग्रुप नाहीत.

प्लास्टिकची खुर्ची नको, सहा तासांत कंबर जाते. खिडकी स्क्रीनच्या मागे किंवा समोर नको, बाजूला. अर्थिंग तपासून घ्या, आणि विजा कडाडायला लागल्या की सौदे कापून प्लग काढा. उन्हाळ्यात बॅटरीचं पाणी लवकर आटते, मी दर रविवारी पाहतो, त्या दिवशी बाजार बंद असतो.